सिस्टर पाण्याखाली बसल्या

सिस्टरना नीट ओळखणारं कोण, असं कुणी विचारलं असतं तर त्यांच्या व्याह्यांनी हात वर केला नसता. नातं तसं जवळचं होतं. व्याह्यांची मुलगी सिस्टरच्या मुलाला दिलेली, आणि दोघांच्या मिळून एकच नात. पण इतक्या वर्षांत दोघांचं बोलणं 'या', 'बसा', 'बरं आहे ना?' आणि 'निघतो मग' यापलीकडे फारसं गेलं नव्हतं. त्यातलं 'बसा' तर फुकटच जायचं, कारण सिस्टर बसायच्या नाहीत.

त्या गेल्यावर घर माणसांनी भरलं. जो तो काहीतरी सांगत होता. कुणाच्या वडिलांजवळ त्या रात्रभर उभ्या राहिल्या होत्या, कुणाला त्यांनी जिन्यातच गाठून रक्तदाब तपासायला लावला होता. व्याही कोपऱ्यात, हात मांडीवर ठेवून ऐकत राहिले. आपल्याकडे यातलं काहीच नाही, असं त्यांना वाटत होतं. आपल्याकडे आहे ती एक सहल, त्या सहलीतली माशांची एक मोठी टाकी, आणि नंतरचा रोजचा फोन. एवढ्या भांडवलावर माणूस कळला म्हणायचं म्हणजे दारातूनच परत फिरून घर पाहिलं म्हणण्यासारखं.

व्याह्यांना सगळे चष्मेवाले म्हणत. चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत, लाकडी आडोशापलीकडे बसून त्यांनी जन्मभर भिंगं घासली. पुढे गिऱ्हाइकांशी बोलायला भागीदार होता. तो इतका बोलका होता की चष्मेवाल्यांना तोंड उघडायची गरजच पडली नाही, आणि पुढे पुढे ती सवयच गेली. बायको वारल्यावर मुलगी आणि जावई त्यांना आपल्या घरी घेऊन आले. खिडकीजवळची खुर्ची त्यांची, कपाटातला वरचा कप्पा त्यांचा, वेळेवर जेवण, वेळेवर गोळ्या. तक्रारीला जागाच नव्हती.

सिस्टर म्हणजे अगदी दुसरं टोक. ऑपरेशन थिएटरमध्ये नर्स होत्या. सगळी नोकरी टेबलाशी उभं राहून, सर्जनच्या हातात हत्यारं देण्यात गेली. निवृत्त झाल्यावरही पायाची भिंगरी थांबली नाही. जेवायच्या त्या ओट्याशी उभ्यानेच. पाहुणे आले तर दाराला टेकून गप्पा. बोलता बोलता समोरच्याचं मनगट धरून नाडी बघायच्या आणि नाडी बघता बघता त्याच्या सदऱ्याचं सुटलेलं बटण लावून टाकायच्या. एकट्याच राहायच्या, दोन खोल्यांच्या जुन्या घरात, चौथ्या मजल्यावर.

घोडं अडलं ते त्या घरापाशी. एकदा गॅसवर दूध ठेवून त्या खालच्या मजल्यावर कुणाला इंजेक्शन द्यायला गेल्या आणि तिथेच रमल्या. भांडं करपून काळं झालं, धूर खिडकीतून बाहेर आला, आणि शेजाऱ्यांनी दार फोडलं. त्याच्या आधी बल्ब बदलताना स्टुलावरून पडल्या होत्या, ती गोष्ट तर त्यांनी लपवूनच ठेवली होती. मुलाचा जीव टांगणीला लागला. त्याने ठरवलं, आता आईने ते घर सोडायचं आणि आपल्याकडे यायचं. पण आईसमोर हे बोलायची त्याची छाती नव्हती. सुनेची त्याहून नव्हती.

"बाबा, तुम्हीच सांगा त्यांना," मुलगी म्हणाली. "तुम्ही त्यांच्या वयाचे. शिवाय तुम्ही स्वतः आमच्याकडे राहता, त्यामुळे तुमच्या बोलण्याला वजन आहे."

"माझ्या बोलण्याला?" चष्मेवाले म्हणाले.

"सहलीला जातोय ना आपण सगळे? तिथे निवांत वेळ मिळेल. एवढंच म्हणायचं, 'सिस्टर, आता ते घर सोडा आणि मुलांकडे या, मी बघा कसा रमलोय.' म्हणून दाखवा बरं."

चष्मेवाल्यांनी म्हणून दाखवलं. मुलगी म्हणाली, "थोडं मोठ्याने." त्यांनी थोडं मोठ्याने म्हटलं. वाक्य पाठ झालं आणि त्या दिवसापासून त्यांची झोप उडाली.

सहलीत निवांत वेळ काही मिळेना. म्हणजे वेळ भरपूर होता, पण सिस्टर मिळत नव्हत्या. गाडीत चष्मेवाले घसा खाकरायचे आणि सिस्टर पुढे वाकून ड्रायव्हरला म्हणायच्या, "मान अशी वाकडी का धरताय? उशी बदला." सकाळी न्याहारीच्या वेळी ते म्हणाले, "सिस्टर, मी काय म्हणतो…" तेवढ्यात त्या उठल्या, कारण पलीकडच्या टेबलावरचं पोर पाव घाईघाईने कोंबत होतं आणि त्याला ठसका लागणार हे त्यांना आधीच दिसलं होतं. बागेतल्या बाकावर एकदा दोघंच होते. चष्मेवाले बाकावर होते आणि सिस्टर बाकाभोवती.

"बसा ना जरा," ते म्हणाले.

"बसून काय करू?" त्या म्हणाल्या.

मुलगी लांबून खुणेने विचारायची, झालं का? ते मान हलवायचे. रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या ते वाक्य पुन्हा पुन्हा घोळवत राहायचे, आणि जितकं घोळवावं तितकं ते तोंडाला बेचव लागायचं.

सहलीच्या शेवटाकडे मत्स्यालयाचा दिवस आला. तिथे तीन मजली उंच काचेची टाकी होती. आत शार्क, कासवं, टेबलाएवढाली चपटी पाकटं. या टाकीत लोकांना पाणबुड्याचा पोशाख घालून उतरवायचे, पाठीला हवेची नळकांडी बांधून, सोबत शिकवणारी एक डायव्हरबाई. जावयाने स्वतःसाठी आणि बायकोसाठी दोन जागा कधीच्या राखून ठेवल्या होत्या. नात लहान, तिला परवानगी नव्हती. ती काचेबाहेरून हात हलवणार होती.

पण जावयाला आदल्या दिवसापासून शिंका सुरू झाल्या होत्या. डायव्हरबाईने त्याच्या लाल नाकाकडे एकदाच पाहिलं. "सर्दीत उतरता येणार नाही. नाक चोंदलं असलं की कानातला दाब सुटत नाही. पडदा फाटतो."

"थोडीशीच आहे हो," जावई म्हणाला आणि पुढच्याच क्षणाला इतक्या जोरात शिंकला की नात टाळ्या वाजवायला लागली.

"मग मी पण नाही जाणार," मुलगी लगेच म्हणाली. तोंडावर तो मुखवटा लावायच्या कल्पनेनेच ती सकाळपासून पांढरी पडली होती. नवऱ्याची सर्दी तिला देवासारखी धावून आली.

"मी जाते," सिस्टर म्हणाल्या.

"आई, तू गप्प बस."

"तुला जन्म दिला तेव्हापासून बसलेली नाही, आता कुठे बसू? माझं नाक साफ आहे, रक्तदाब तुझ्यापेक्षा बरा आहे. काय हो बाई, वयाची अट आहे का?"

"डॉक्टर तपासतील. ते हो म्हणाले तर चालेल," डायव्हरबाई म्हणाली. "पण एकट्याला सोडत नाही आम्ही. जोडीनेच उतरायचं, जोडीनेच वर यायचं."

सिस्टरनी आजूबाजूला पाहिलं. सून भिंतीला चिकटली होती. मुलगा नाक पुसत होता. मग त्यांची नजर चष्मेवाल्यांवर येऊन थांबली. ते एका पाटीमागे उभे होते आणि पाटी वाचत असल्याचं दाखवत होते. पाटीवर 'बाहेर जाण्याचा मार्ग' एवढंच होतं.

"चष्मेवाले, चला."

"मी? छे छे. मला पोहता कुठे येतं?"

"मला तरी कुठे येतं? बुडायचंच तर आहे."

मुलीने त्यांना बाजूला ओढलं. तिच्या डोळ्यांत एकदम चमक आली होती. "जा बाबा. हीच संधी आहे. तयारीला बराच वेळ लागतो म्हणे, दोघंच असाल, कुणी मधे येणार नाही. तेव्हा बोलून टाका."

असे चष्मेवाले गोत्यात आले.

डॉक्टरांनी त्यांना तपासलं, चालवलं, बसवून उठवलं आणि हरकत नाही म्हणाले. सिस्टरना तपासताना मात्र डॉक्टरांनाच दोन गोष्टी ऐकून घ्याव्या लागल्या, रक्तदाबाचा पट्टा कसा गुंडाळावा याच्या. मग रबरी पोशाख. तो अंगात चढवणं म्हणजे लहान मुलाच्या मोज्यात मोठ्या माणसाने पाय घालणं. चष्मेवाले एका पायावर उड्या मारत असताना सिस्टर आधीच तयार होऊन समोर उभ्या होत्या आणि त्यांनी मागून चेन सर्रकन ओढून दिली.

"श्वास सोडा. पोट आत. झालं."

"सिस्टर," ते म्हणाले, "मला तुमच्याशी जरा…"

"आधी कान द्या, बाई काय सांगतेय."

डायव्हरबाई सांगत होती, श्वास कधी रोखायचा नाही. सावकाश घ्यायचा, सावकाश सोडायचा. नाक दाबून हवा फुंकली की कान मोकळे होतात. घाबरलात तर हवा लवकर संपते. दोघांपैकी एकाची संपत आली की दोघंही वर. आणि चष्मा काढून ठेवा काका, मुखवट्यात बसत नाही. चष्मेवाल्यांनी चष्मा काढून नातीच्या हातात दिला. लोकांना जन्मभर दृष्टी विकली आणि स्वतः मात्र आंधळ्यासारखे शिडीला हात लावून उभे राहिले.

पाणी थंड होतं. रबराची नळी तोंडात घेतल्यावर पहिलं जाणवलं ते हे, की आता बोलायचा प्रश्नच उरला नाही. इतक्या दिवसांत प्रथमच त्यांच्या छातीवरचा दगड हलला. मग कान दुखायला लागले. बाईने त्यांना शिडीच्या मध्येच थांबवलं, नाक दाबायला लावलं. सिस्टर बाईचा हात सोडून केव्हाच तळाला पोचल्या होत्या. वरून त्या एखाद्या ठिपक्यासारख्या दिसत होत्या, आणि चष्मेवाल्यांना आश्चर्य वाटत होतं ते या गोष्टीचं की ठिपका हलत नव्हता.

ते खाली पोचले तेव्हा कळलं. सिस्टर बसल्या होत्या.

तळाच्या वाळूवर मांडी घालून, हात गुडघ्यांवर ठेवून, पाठ सैल सोडून त्या बसल्या होत्या. बुडबुडे अगदी संथ येत होते, एक घोस वर जायचा, मग बराच वेळ काही नाही, मग दुसरा. एक पाकट पसरलेल्या चादरीसारखं त्यांच्या डोक्यावरून गेलं. त्यांनी त्याच्याकडे मान वर करूनसुद्धा पाहिलं नाही. त्याची नाडी बघितली नाही, त्याला काही सुचवलं नाही. कुठलाच मासा ठीक आहे की नाही याची त्यांना काळजी नव्हती.

काचेपलीकडे रंगांचे डाग दिसत होते. त्यातला एक लाल डाग खालीवर उड्या मारत होता, तो नातीचा कोट असणार. त्याच्याशेजारचा उंच डाग मुलगी. तिला दिसतंय, आपण सिस्टरच्या समोर आहोत, असं त्यांच्या मनात आलं आणि छातीवरचा दगड परत जागेवर आला. वर गेल्यावर ती विचारणार, झालं का?

मग चष्मेवाल्यांनी एक विचित्र गोष्ट केली. तोंडात नळी, चहूकडे पाणी, ऐकणारं कुणी नाही. त्यांना वाटलं, इथे तरी एकदा म्हणून बघावं. सराव होईल. त्यांनी सिस्टरकडे तोंड केलं, मान ताठ केली आणि त्या रबरी नळीतच ते पाठ केलेलं वाक्य म्हटलं. सिस्टर, आता ते घर सोडा आणि मुलांकडे या, मी बघा कसा रमलोय. नळीतून नुसतीच घरघर आणि बुडबुड्यांचा लोट निघाला. सिस्टर त्यांच्याकडे बघत होत्या. मुखवट्यामागचे डोळे तेवढे जवळून, चष्म्याशिवायही दिसत होते.

तिथेच थांबायला हवं होतं. पण कुलूप एकदा निघालं की दार आपोआप सरकतं, तसं झालं. ते पुढे बोलत राहिले. काय बोलतोय हे त्यांनाही ते बोलून झाल्यावरच कळलं. नका सोडू, ते म्हणाले. सिस्टर, घर सोडू नका. मला कुणी विचारलं नाही म्हणून मी सोडलं. सगळे चांगले आहेत, पण नका सोडू. हे बोलताना हातवारेही झाले असावेत, कारण पाणी ढवळलं गेलं, आणि एक मासा दचकून दगडामागे गेला.

डायव्हरबाईला वाटलं, म्हातारा घाबरला. तिने झटकन येऊन त्यांचा दंड धरला, हवेचा काटा पाहिला आणि वर चला अशी खूण केली. एवढ्या बडबडीत काटा खूपच खाली आला होता. जोडीचा नियम होता. सिस्टरनी मान हलवली, नाही. बाईने पुन्हा खूण केली. सिस्टरनी आपला काटा दाखवला, तो जेमतेमच खाली आला होता. बाईने चष्मेवाल्यांकडे बोट दाखवलं. तेव्हा कुठे त्या उठल्या, थिएटरमधून रात्रपाळी संपवून निघालेल्या माणसासारख्या, एकेक सांधा सावकाश सोडवत.

वर आल्यावर दोघांना कोरडे टॉवेल देऊन एका लांब बाकाजवळ सोडलं. चष्मेवाले बसले. सिस्टर उभ्याच राहिल्या, केस खसाखसा पुसत.

"तुमच्यामुळे वर यावं लागलं," त्या म्हणाल्या.

"चुकलं माझं."

"खाली काय बडबडत होतात?"

"मी? काही नाही. श्वास घेत होतो."

"श्वास घेताना भुवया अशा नाचत नाहीत." टॉवेल थांबला. "चष्मेवाले, माझं आयुष्य तोंडं बांधलेल्या माणसांत गेलं. सर्जन मास्कमागून पुटपुटायचा, आणि मला कळायचं कैची हवी की चिमटा, की नुसतीच बायकोवरची चिडचिड चाललीय. मला शिकवू नका."

चष्मेवाल्यांच्या कानात अजून पाणी होतं. ते एका बाजूला मान झुकवून बसले.

"पहिलं वाक्य माझ्या सुनेचं होतं," सिस्टर म्हणाल्या. "ते म्हणताना तुमची मान शाळेत कविता म्हणणाऱ्या पोरासारखी ताठ होती. आल्या दिवसापासून बघतेय मी, ते वाक्य तुमच्या घशात अडकलंय. दुसरं मात्र तुमचं होतं."

"दुसरं काय होतं?"

"ते तुम्ही सांगा. तोंडात नळी नसताना."

ते सांगणार होते की नाही कोण जाणे. त्यांनी ओठ ओले केले. मग सिस्टरच बोलल्या, पण त्यांच्याकडे न बघता, पलीकडे वाळत घातलेल्या रबरी पोशाखांकडे बघत.

"सगळ्यांना वाटतं, एकटी असते म्हणून मी भिरभिरते. उलट आहे ते. चार माणसं दिसली की माझं सुरू होतं. याचा रंग का उतरलाय, ती का लंगडतेय, पोर का खोकतंय. बंदच होत नाही. माझ्या घरी दार लावलं की बघायला कुणी नसतं. तेव्हा कुठे जरा… तुमच्या सगळ्यांत येऊन राहिले तर दिवसरात्र ड्युटीवर असेन हो मी."

"खाली बसला होतात तुम्ही," चष्मेवाले म्हणाले.

"बसले होते. उठवलंत तुम्ही."

तेवढ्यात नात धावत आली, तिने आजोबांच्या नाकावर चष्मा उलटा चढवला, आणि ते बोलणं तिथेच तुटलं.

संध्याकाळी उतरलेल्या जागेच्या भोजनगृहात सगळे जेवायला बसले. सगळे म्हणजे चौघं. सिस्टर नातीच्या खुर्चीमागे उभ्या राहून तिला सूप थंड करून देत होत्या. जावयाने रुमालात नाक शिंकरलं आणि सासऱ्यांकडे बघत, काहीच माहीत नसल्याचा आव आणत विचारलं, "मग आई, बाबा काही बोलले का तुझ्याशी?"

"बोलले," सिस्टर म्हणाल्या.

मुलीचा चेहरा उजळला. "आणि?"

"काय बोलले ते त्यांनाच विचारा. मला त्यांचं मत पटलंय."

चार तोंडं चष्मेवाल्यांकडे वळली. चमचा त्यांच्या हातात होता, तो त्यांनी ताटलीत ठेवला. तो वाजला. वाक्य तयार होतं, पाठ होतं, नुसतं सोडायचं होतं. सगळे खूश झाले असते. समोर सिस्टर उभ्या होत्या, आणि त्यांच्या नजरेत ना विनवणी होती ना धाक. टेबलाशी उभं राहून सर्जनच्या हाताची वाट बघावी, तशा त्या नुसत्या थांबल्या होत्या.

"मी म्हटलं," चष्मेवाले म्हणाले आणि आवाज फुटला नाही म्हणून पुन्हा म्हणाले, "मी म्हटलं, घर सोडू नका."

"बाबा!" मुलगी म्हणाली.

"असं कसं म्हणालात तुम्ही?" जावई. "आपलं ठरलं काय होतं?"

"ठरलं होतं ते पण म्हटलं. आधी."

नात खुदकन हसली. बाकी कुणी हसलं नाही. मुलीचे डोळे भरायला लागले होते. "म्हणजे तुम्हाला आमच्याकडे त्रास आहे. हेच ना? काय कमी केलं आम्ही, सांगा."

"काही कमी नाही गं."

"मग?"

चष्मेवाल्यांना त्या क्षणी उठून कुठेतरी निघून जावंसं वाटत होतं, टाकीच्या तळाशीसुद्धा चाललं असतं. पण ते बोलले. एकेक शब्द भिंगासारखा पुसून ठेवत बोलले. "मला उकडलं तर मी पंखा लावायच्या आधी बघतो, कुणाला गार तर वाटत नाहीये ना. कुणी मला अडवत नाही. मीच बघतो. माझ्या घरी मी बघत नव्हतो. एवढंच आहे. मी शांत माणूस आहे, मला जमतं. यांना नाही जमणार. यांना सगळ्यांचंच बघावं लागेल."

शेजारच्या टेबलावर कुणीतरी खुर्ची सरकवली. जावयाला शिंक आली, ती त्याने कशीबशी दाबली.

"आणि परत दूध करपलं तर?" तो म्हणाला, पण आवाजातला जोर गेला होता.

"गॅस काढून टाका. आपोआप बंद होणारी विजेची शेगडी द्या," चष्मेवाले म्हणाले. एकदा सुरू झाल्यावर त्यांना थांबता येईना. "आणि बल्ब तू येऊन बदलत जा. आणि रोज सकाळी मी फोन करीन."

"तुम्ही?" सिस्टर म्हणाल्या. "फोन?" आणि त्या हसल्या, मोठ्याने, इतक्या की भोजनगृहातली माणसं वळून बघायला लागली. मग त्यांनी पाण्याचा पेला भरला आणि चष्मेवाल्यांच्या समोर ठेवला. "प्या. घसा कोरडा पडला असेल. वर्षाचं बोलणं एका दिवसात काढलंत."

मुलगी त्या रात्री वडिलांशी बोलली नाही. परतीच्या प्रवासात मात्र ती त्यांच्या शेजारी येऊन बसली आणि खिडकीबाहेर बघत म्हणाली, "मला सांगायचंत ना."

"सांगण्यासारखं काही नव्हतंच," ते म्हणाले. तिने त्यांच्या हातावर हात ठेवला आणि पुढचा सगळा रस्ता ती झोपून होती.

सिस्टर आपल्या घरीच राहिल्या. शेगडी आली. तिला त्यांनी भरपूर नावं ठेवली आणि वापरलीही. आणि चष्मेवाले रोज सकाळी फोन करू लागले. पहिल्या दिवशी त्यांनी आकडे दोनदा चुकीचे दाबले. काय बोलायचं याची धाकधूक त्यांना रोज वाटायची, आणि रोज बोलणं दोन मिनिटांत संपायचं. उठलात? उठले. बरं आहे? बरं आहे. कधी त्या जिन्यातल्या कुणाची तरी तक्रार सांगायच्या, कधी चष्मेवाल्यांनी गोळी घेतली का ते विचारायच्या. टाकीचा विषय दोघांनीही परत काढला नाही. आपण पाण्याखाली बोललेलं त्यांना खरंच वाचता आलं होतं का, की सुनेच्या डावाचा त्यांना आधीच वास लागला होता आणि बाकी सगळी नुसती बतावणी होती, हे विचारायचं चष्मेवाल्यांच्या मनात पुष्कळदा आलं. रबराच्या नळीमागून कुणाला काय कळणार? पण विचारायचं राहूनच गेलं. फोनवर भुवया दिसत नाहीत, आणि समोरासमोर त्या कधी थांबायच्या नाहीत.

एकट्या घरात त्या खरंच बसायच्या का, हेही त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. ज्या दुपारी त्या गेल्या त्या दुपारी त्या खुर्चीत होत्या, असं शेजारीण म्हणाली. तेवढंच त्यांच्या कानावर आलं.

त्या दिवशी सकाळीही फोन झाला होता, नेहमीसारखाच.

"उठलात?"

"केव्हाच. तुमचा आवाज का बसलाय?"

"रात्री खिडकी उघडी राहिली वाटतं."

"मिठाच्या कोमट पाण्याने गुळण्या करा."

"करतो."

"करतो नाही. आत्ता. ठेवा फोन."

"ठेवतो."